गावात पाळीव जनावरांसाठी दफनभूमी काढतोय, गावावर काय परिणाम होईल? (कोल्हापूर)

माळावरचा
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

आमचं गाव गारगोटी रोडला, कळंब्याच्या बरंच पुढं. घराण्यातली १८ गुंठे जागा माळाला पडून आहे, सगळी मुरमाड, ऊस तर सोडाच, भुईमूग पण धड येत नाही. माझं कुत्र्यांचं बोर्डिंग आहे, लोक गावाला जाताना कुत्री-मांजरं सोडून जातात. तर आता फोन कसले यायला लागलेत, "दादा, आमचा गेला हो, कुठं न्यायचा?" राजारामपुरी म्हणा, ताराबाई पार्क म्हणा, बंगले पाडून अपार्टमेंट झाल्यात, परसू कुणाकडंच राहिलं नाही. मग रात्रीचं गाडीत घालायचं आणि हायवेच्या कडेला नाहीतर नदीच्या काठाला कुठंतरी सोडून यायचं. एका घरानं एका माणसाला पैसे दिले नीट पुरून ये म्हणून, त्यानं पोत्यासकट ओढ्यात टाकलं. दोन-तीन दिवसांनी त्याच घरातली पोरगी शाळेला जाताना तिला पोत्यातनं बाहेर आलेला लाल पट्टा दिसला, तिनंच तो दिवाळीत घेतलेला. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातनं जाईना.

म्हणून ठरवलंय की त्या १८ गुंठ्यात कुंपण घालून नीट दफनभूमी करायची. सरपंचांच्या कानावर घातलं तर गावात दोन तट पडले. कोण म्हणतंय पुण्याचं काम, कोण म्हणतंय शहराची मढी गावात कशाला. मला गाव दुखवून काही करायचं नाही. ज्यांना यातलं कळतंय त्यांनी सांगा, गावावर नक्की काय काय परिणाम होतील? नुसतं "छान उपक्रम" लिहून जाऊ नका प्लीज.

गंगावेशकर
दादा करा तुम्ही. आमचं मांजर गेलं तेव्हा आम्ही टेरेसवरच्या मोठ्या कुंडीत पुरायचा विचार करत होतो, एवढी वेळ येते माणसावर. शेवटी सासऱ्यांच्या ओळखीनं एका मळ्यात जागा मिळाली. ज्यांना ओळख नाही त्यांनी काय करायचं? पैसे द्यायला लोक तयार आहेत, जागाच नाही.

पाटलाची_वस्ती
मी शेजारच्याच गावचा आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या माळाला लागून चार जणांच्या जमिनी आहेत, त्यांनी कुणी उद्या प्लॉट पाडायचे म्हटलं तर गिऱ्हाईक पहिलं विचारणार शेजारी काय आहे. गुंठ्याचा दर पडला तर भरून कोण देणार? दुसरं म्हणजे पाणी. त्या माळाच्या खाली दोन विहिरी आणि बोअर आहेत, पावसाळ्यात वरचं सगळं पाणी तिकडंच मुरतं. तिसरं, आज कुत्री-मांजरं म्हणताय, उद्या कुठल्या तरी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ट्रॉली भरून आल्या तर गेटवर कोण अडवणार? भुताखेताचं मी काही बोलत नाही, माझा त्यावर विश्वास पण नाही. पण हे तीन प्रश्न खरे आहेत.

माळावरचा
@पाटलाची_वस्ती राग कसला, असंच बोलणारं माणूस पाहिजे होतं. पोल्ट्रीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाण्याबद्दल डॉक्टर लोक कोणी असतील तर लिहा.

उभा_मारुती
भावा एक सांगू का, बंगल्यातल्या कुत्र्याला कोण ना कोण जागा देतंयच. आमच्या तालमीच्या दारात एक गावठी होतं, बारा-तेरा वर्षं, रात्री दीडला पोरं पेठेतनं परतली तरी सोबत चालत यायचं घरापर्यंत. गाडीखाली आलं. पोरांनी वर्गणी काढली, हार आणला, पण न्यायचं कुठं हेच ठरंना. तुमच्या जागेत रस्त्यावरच्याला फुकट घेणार का? घेणार असशील तर खड्डं काढायला आमची पोरं येतील, शब्द देतो. आणि पैसेवाल्यांचंच घेणार असशील तर मग तो धंदा झाला, कर, पण मग गावाला पुण्य वगैरे सांगू नको.

डॉ_शिरोळ
मी पशुवैद्यक आहे, वीसेक वर्षं प्रॅक्टिस. पाण्याचं लिहितो, कारण तेच मुख्य आहे.

आपल्या जिल्ह्यात पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी खोल माती, ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, तिच्यात पुरलेलं लवकर कुजत नाही. पश्चिमेला राधानगरी-शाहूवाडीकडं जांभा, त्यातनं पाणी सर्रकन खाली जातं, म्हणजे घाण पण जाते. तुमचा मुरूम या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी. अंदाजावर जाऊ नका. भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, जागेत तीन-चार ठिकाणी सात-आठ फूट खड्डे काढून ठेवा आणि तळाला पाणी लागतंय का बघा. लागलं तर ती जागा सोडून द्या, मग कितीही मन लागलेलं असू दे. पाणी नाही लागलं तर प्रेत ठेवल्यावर वर कमीत कमी एक मीटर दाबलेली माती पाहिजे, आणि विहीर-बोअरपासून निदान ५० मीटर अंतर ठेवा, मी तर जास्तच ठेवा म्हणेन.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेलं घेऊ नका. लोक प्रेमानं पाच-सहा पिशव्या बांधतात, आत वर्षानुवर्षं काही होत नाही. सुती कापड, बास. पट्टा, खेळणी, स्टीलचं भांडं सगळं काढून घरच्यांच्या हातात द्या.

आता एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. आम्ही डॉक्टर जेव्हा दुखण्यानं पिचलेल्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांत करतो तेव्हा त्या औषधाचा मोठा डोस अंगात राहतो. ते प्रेत उघड्यावर पडलं आणि कोल्ह्या-कुत्र्यानं, घारीनं खाल्लं तर ते पण मरू शकतात. गिधाडांचं काय झालं आठवा. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावरचं औषध, मेलेल्या गुरांच्या अंगातनं गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशातली गिधाडं संपत आली, तेव्हा कुठं २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. म्हणून खोल पुरणं हा नुसता भावनेचा विषय नाही, माळावर फिरणाऱ्या सगळ्या जिवांचा आहे. आणि रेबीजचा संशय असलेलं कुत्रं असेल तर आधी मला किंवा सरकारी दवाखान्यात फोन, हातमोज्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, तोंडाजवळ तर मुळीच नाही.

पाटलाची_वस्ती
डॉक्टर, हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. खड्डे काढताना आम्हाला बोलवा, खाली विहीर असणारे पण येतील, समोर बघितलेलं बरं.

सुमनआक्का
मी म्हशी पाळतो, घरच्या सात, शहरात दूध घालतो. माझी एक म्हैस दोन वर्षांमागं सापाच्या डंकानं गेली. आमच्यात बांधावरच पुरत्यात. जेसीबीवाल्यानं हजार-बाराशे घेतले, वरनं मिठाची दोन पोती. मालकांनी तिचं दावं सोडलं, गळ्यातली घंटा काढली, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि मग खाली सोडली. घंटा अजून गोठ्यात खुंटीला हाय, दुसऱ्या म्हशीला घालायचं मन होत न्हाई. पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या, बेंदराला बैलाला पुरणपोळी घालायची, आणि मेल्यावर ज्याला बांध न्हाई त्यानं काय करायचं सांगा? आता रानं वाटण्या होऊन होऊन एवढीएवढी झाल्यात, अर्ध्या गावाकडं म्हैस हाय पण पुरायला जागा न्हाई. मग ती वढ्याला जाती. तुम्ही शहरातल्या कुत्र्यांचं बघता ते चांगलंच हाय, पण आधी गावच्या म्हशीचं बघा, गाव आपोआप तुमच्या मागं उभं राहील.

माळावरचा
आक्का, तुमचं वाचून गप्पच झालो. खरं तर मी हिशोब फक्त कुत्र्या-मांजराचा मांडला होता. म्हशीला खड्डा मोठा लागतो, १८ गुंठ्यात किती बसतील बघावं लागेल, पण गावच्या जनावराला पैसे घ्यायचे नाहीत हे मी आज इथंच लिहून टाकतो.

डॉ_शिरोळ
मोठ्या जनावराला वेगळा कोपरा ठेवा, विहिरीच्या उलट्या अंगाला. आणि एकच अट, जनावर अचानक मेलं असेल आणि नाका-तोंडातनं, मागनं काळं रक्त आलं असेल तर ते हलवायचंच नाही, फाडायचं तर मुळीच नाही. ते फऱ्या नाही, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, त्याचे जंतू मातीत कित्येक वर्षं टिकतात. डॉक्टर येईपर्यंत हात नाही लावायचा.

कोल्हापूर_ते_लंडन
मी सध्या इंग्लंडमध्ये असतो. बाहेर हे कसं झालं ते थोडं सांगतो कारण त्यातनं एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

लंडनच्या हाइड पार्कच्या कोपऱ्यात १८८१ मध्ये चेरी नावाचं एक कुत्रं पुरलं, तिथल्या दारवानानं आपल्या बागेत जागा दिली म्हणून. मग लोक येतच गेले, छोट्या छोट्या दगडांची रांगच झाली, आणि जागा भरल्यावर १९०३ मध्ये ते बंद केलं. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेलला १८९६ मध्ये सॅम्युअल जॉन्सन नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं एका बाईला आपल्या सफरचंदाच्या बागेत कुत्रं पुरू दिलं, ती गोष्ट पेपरात आली आणि मागण्यांचा पूर आला. ते अजून चालू आहे. पहिल्या महायुद्धात काम केलेल्या कुत्र्यांचं स्मारक पण तिथं आहे.

पॅरिसजवळ आन्येरला १८९९ चं आहे, ते मी बघितलंय. ते निघालं त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये कायदा झाला होता की मेलेली जनावरं नदीत, रस्त्यावर टाकायची नाहीत, वस्तीपासून लांब पुरायची आणि वर मीटरभर माती पाहिजे. म्हणजे डॉक्टर आज मुरमाच्या माळावर जे सांगतायत तेच त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. आणि तिकडं पण सुरुवात नदीत फेकण्यापासूनच झाली होती, पंचगंगेसारखीच.

घेण्यासारखी गोष्ट ही की आन्येरची जागा खाजगी कंपनीची होती आणि १९८७ मध्ये ती बंद पडायची वेळ आली. तेव्हा तिथली नगरपालिका मध्ये पडली, सरकारनं ऐतिहासिक जागा म्हणून संरक्षण दिलं, म्हणून वाचली. दादा, तुमच्या माघारी ह्या १८ गुंठ्यांचं काय? तुमच्या पोरांनी किंवा पुतण्यानं उद्या ती विकली तर तिथं आणलेल्या सगळ्यांच्या जिवाचं काय होणार?

कायद्याचं_बोला
बरोबर मुद्दा. वकील म्हणून सांगतो, तोंडी शब्दाला अर्थ नाही. जागा शेतीची आहे तर बिगरशेतीचं आधी तहसील आणि नगररचनाला विचारा, ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि नुसता ना-हरकत दाखला नको, त्यात अटी लिहून घ्या. पोल्ट्रीचा माल घ्यायचा नाही, कत्तलखान्याचा घ्यायचा नाही, विहिरीपासून अंतर किती, सगळं. त्यानंतर शक्य असेल तर ट्रस्ट नोंदवा आणि जागा ट्रस्टच्या नावावर करा. तसं नसेल करायचं तर निदान सातबाऱ्याला इतर हक्कात नोंद होते का बघा, म्हणजे पुढं घेणाऱ्याला डोळे झाकून घेता येणार नाही. भावकीत अजून कुणाचा हिस्सा असेल तर त्यांच्या सह्या आत्ताच घ्या. मी भावकीची प्रकरणं रोज बघतो, चांगल्या कामाला पण तिथंच खीळ बसते.

रंकाळा_सकाळ
पुरण्यापेक्षा दहन का नको? मुंबईत मालाडला पालिकेनं २०२३ मध्ये गॅसवरची दाहिनी सुरू केली की. आपल्याकडं तर पंचगंगेला शेणीवर (गोवऱ्यांवर) माणसांचं होतंच, दर होळीला लोक शेण्या दान देतात, त्यातल्याच थोड्या...

गंगावेशकर
नाही हो, त्या शेण्यांना हात नको. लोक होळी लहान करून त्या माणसांसाठी देतात, कोल्हापुरात गरिबाचं पण शेवटचं फुकट आणि मानानं होतं ते त्याच्यामुळं. त्यातली एक शेणी जरी कुत्र्याला गेली असं कुणी उठवलं तर दोन्ही कामं बसतील. गॅसची दाहिनी हा महापालिकेचा विषय, तिथं मागणी करूया, त्यात दुमत नाही. पण तोपर्यंत?

लिंगायत_गल्ली
आणि पुरणं आपल्याला नवीन कुठं आहे. आमच्या समाजात माणसाला पण पुरतात, लहान लेकराला तर सगळेच पुरतात. त्यावरनं कुणी धर्म काढायची गरज नाही.

सरळसोट
रायगडावर वाघ्या कुत्र्याची समाधी आहे की नाही यावरनं एवढं रान पेटलं, आणि इथं...

अ‍ॅडमिन
तो विषय या धाग्यात नको. त्याला वेगळा धागा आहे. इथं माळावरच्या जागेबद्दलच बोला, पुढचे तसले प्रतिसाद काढून टाकेन.

माणगाव_१९२०
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून विचारतो. खड्डे कोण खणणार? मेलेलं जनावर उचलणार कोण?

माझ्या पणज्यानं गावची मेलेली जनावरं ओढली. गावाला ते काम वाटायचंच नाही, त्याचा हक्क वाटायचा आमच्यावर. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ह्याच संस्थानात महार वतन, म्हणजे गावकामाची ती पिढीजात सक्ती, बंद केलं. १९२० ला माणगावात परिषद झाली, बाबासाहेब आणि महाराज एका मांडवात बसले. १९२७ ला महाडच्या सत्याग्रहानंतर आमच्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायची सोडली, त्यासाठी गावोगावी बहिष्कार सोसले, पाणी बंद, किराणा बंद. आज्जी सांगायची, तिच्या सासऱ्यानं नाही म्हटल्यावर जनावर दारात आणून टाकलं होतं, चार दिवस तसंच.

मला कुत्र्या-मांजरांची माया नाही असं नाही, माझ्या घरी पण आहे. पण दफनभूमी निघाली आणि वर्षभरात तिथं काम करणारी माणसं सगळी एकाच वस्तीतली निघाली तर तुम्ही नवीन कंपाउंडमध्ये जुनंच आणलं असं होईल. तेव्हा दादा, आधी लिहून द्या. काम जाहिरात देऊन, गावातल्या कुठल्याही घराला खुलं. पगार महिन्याचा, खड्ड्यावर नाही. हातमोजे, बूट, रेबीजची लस आधी. आणि आठवड्यातनं एकदा तरी जागेचा मालक म्हणून तुम्ही स्वतः फावडं हातात घ्यायचं, सगळ्यांच्या देखत.

सुमनआक्का
ह्या दादांचं बरोबर हाय. माझ्या म्हशीचा खड्डा माझ्या मालकांनी आणि लेकानंच बुजवला. ज्याचं जनावर त्यानं निदान पहिली माती ढकलायची, एवढा नियम घाला. गाडीत बसून काच खाली करून बघणाऱ्यांचं घेऊ नका.

उभा_मारुती
एकदम पटलं. आमची पोरं येतील म्हटलंय ते सगळ्या आळीतली येतील, मी बघतो.

माळावरचा
@माणगाव_१९२० तुमचा प्रतिसाद मी मोबाईलवर आईला वाचून दाखवला, मग सरपंचांना पाठवला. तुम्ही लिहिलंय ते सगळं अटींत जाणार, शब्दानं शब्द.

(पुढचा प्रतिसाद ग्रामसभेनंतरचा)

माळावरचा
मंडळी, काल ग्रामसभा झाली. गर्दी होती, बायका जास्त, आक्का पण आल्या होत्या दुसऱ्या गावातनं, त्यांना बोलायला दिलं. विरोध झाला, जमिनीच्या दराचा मुद्दा शेवटपर्यंत मिटला नाही आणि मी पण खोटं काही सांगितलं नाही, दर थोडा पडेल असं मला पण वाटतं. लगतच्या चौघांतल्या दोघांनी सांगितलं की कुंपणाच्या आतनं दहा फूट झाडांचा पट्टा सोडा, करंज, बहावा, कडुनिंब, आणि रस्त्याकडनं थडगी दिसता कामा नयेत. मान्य केलं. दगड-संगमरवर काही बांधायचं नाही हे पण ठरलं, नुसता नंबर आणि झाड. खरं सांगू, मला पण तेच आवडलं, माळावर सावली तरी होईल.

ठराव सशर्त झालाय. पहिलं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले खड्डे ऑगस्टमध्ये, खालच्या विहिरीवाल्यांच्या समोर, आणि पाणी लागलं तर विषय तिथंच संपला. गावच्या आणि रस्त्यावरच्या जनावराला फुकट, बाहेरच्याकडनं फी, हिशोबाची वही ग्रामपंचायतीत. पोल्ट्री आणि मटणाच्या दुकानाचा माल बंद. रजिस्टरमध्ये जनावर कशानं गेलं ते डॉक्टरच्या सहीनं. कामाला दोन माणसं, जाहिरात देऊन, पगारी. ट्रस्टमध्ये पाच जण, त्यात एक विरोध करणाऱ्यांतला पाहिजे असं मीच म्हटलं.

@पाटलाची_वस्ती तुमचं नाव गावानं सुचवलंय. येणार का?

पाटलाची_वस्ती
माझा दराचा मुद्दा अजून तिथंच आहे हे आधी सांगतो. पण पाणी आणि पोल्ट्रीचं लिहून झालंय म्हटल्यावर मी येतो. आत असलेलं बरं, रजिस्टर मी बघणार. खड्डे १५ ऑगस्टच्या आधी काढा, त्यानंतर पाऊस ओसरला तर परीक्षेला अर्थ नाही.

डॉ_शिरोळ
मी येतो त्या दिवशी. मोजायला टेप आणि एक पाण्याची सँपलची बाटली आणतो, विहिरीचं आत्ताचं पाणी तपासून ठेवू, म्हणजे पुढं कुणी म्हणालं पाणी बिघडलं तर आधीचा आकडा हातात असेल.

कायद्याचं_बोला
भावकीच्या सह्यांचं काय झालं? ते ठरावात नाही.

माळावरचा
चुलत्यांची झाली. मुंबईच्या आत्याची राहिलीय, गणपतीला येणार आहे, तेव्हा घेतो. तोपर्यंत कुंपणाचा एक खांब पण रोवत नाही. जेसीबी कुणाच्या ओळखीचा असेल तर नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, चार खड्ड्यांसाठी अर्ध्या दिवसाचं काम आहे.